पाचही वेळा ‘छान’

रविवार, ९ जानेवारी २०००

नवं शतक लागलं आणि कॉम्प्युटरमधल्या तारखांच्या घोळाने कुठलंच यंत्र बंद पडलं नाही. आमच्या टीमने दीड वर्ष त्याचीच तपासणी केली होती, तेव्हा काही घडलं नाही याचा अर्थ काम चोख झालं. तरी ऑफिसात सगळे लग्नघर रिकामं झाल्यासारखे बसलेले असतात. मला मात्र रविवार परत मिळाले.

आज अभिजीत भेटला. तो ऑक्टोबरमध्ये आमची कंपनी सोडून गेला. हिमायतनगरच्या एका फ्लॅटमध्ये तीन कॉम्प्युटर मांडून शहराची वेबसाइट चालवतो. सिनेमे, बसचे नंबर, डॉक्टर, सगळं. त्याला आठवड्याला एक मजकूर हवा आहे : रविवारी साडेदहा ते बाराच्या दरम्यान कुठे जाऊन खावं, कुठे नुसतं बसावं. तो याला ब्रंच म्हणतो. मी म्हटलं, आमच्याकडे पुण्यात याला उशिरा उठणं म्हणतात. तो हसला नाही. म्हणाला, माधापूरला रोज नवी पोरं येऊन पडतायत, खोलीत गॅस नाही, शहर माहीत नाही, त्यांनी कोणाला विचारायचं? सतरा महिन्यांपूर्वी मीही तशीच आले होते आणि कोणालाच विचारलं नव्हतं. हो म्हटलं. माझं नाव कुठे येणार नाही, ही एकच अट घातली.

नियम आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे वळवता येणार नाहीत. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी तीनदा जायचं. दर वेळी एक पदार्थ तोच मागवायचा. आपण कोण ते सांगायचं नाही. टेबलावर लिहायचं नाही. आणि मालकाने कसं झालंय विचारलं तर ‘छान’ म्हणून उठायचं. तपासणाऱ्याने तपासतानाच मत दिलं की पुढचा नमुना बिघडतो. हे मला शिकवलेलं आहे आणि पटलेलंही आहे.

रविवार, १६ जानेवारी

सिकंदराबादचं इराणी हॉटेल, तिसरी भेट. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, चहा चार मिनिटांत. वेटरला तिन्ही वेळा मला पडद्यामागच्या फॅमिली केबिनमध्ये बसवायचं होतं. मी बाहेरच बसते म्हटल्यावर आज तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “अम्मा, उधर पंखा है.” जानेवारीत. मी बाहेर बसले. पुढची दोन मिनिटं अख्ख्या हॉटेलने माझ्याकडे बघत साखर ढवळली, मग सगळे आपापल्या पेपरात गेले. चहाला दहापैकी नऊ. केबिनबद्दल एक गुण कापला.

रविवार, २३ जानेवारी

बंजारा हिल्सच्या मोठ्या हॉटेलात अभिजीतबरोबर. एकतीस पदार्थ. उंच टोपी घातलेला एक गृहस्थ फक्त अंडी करून देतो. अभिजीतने चार बशा भरून आणल्या आणि दोन संपवल्या. चव कशाचीच वाईट नाही आणि कशाचीच लक्षात राहत नाही.

त्यापेक्षा हिमायतनगरचं नवं कॉफीचं दुकान बरं. तिथे एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी फडकं घेऊन टेबल पुसायला येत नाही. एकट्या मुलीकडे कोणी बघतही नाही. उठवत नाहीत, हा या शहरातला नवा शोध आहे. मी तेच लिहून दिलं. अभिजीत खूश आहे.

गुरुवार, २७ जानेवारी

अभिजीतला आता एक ‘घरगुती’ जागा हवी. तू स्वतः रविवारी कुठे खातेस, असं त्याने फोनवर विचारलं आणि मी विचार न करता सांगून टाकलं. तो म्हणाला, मग तेच लिही की.

माझ्या नल्लकुंट्यातल्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर दत्तोबा आणि भामाकाकूंचं टिफिन सेंटर आहे. आत तीन बाकं, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. पाटी तेलुगूत, आतलं बोलणं मराठीत, तेही इथलं, हौ आणि नक्को घातलेलं. दत्तोबांचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडची शेती सोडून आले. दत्तोबा बसडेपोतून निवृत्त झाल्यावर काकूंच्या हातावर त्यांनी हे सुरू केलं. उप्पीट, धपाटे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला. सकाळी साडेसात ते साडेअकरा.

काकू चाखत नाहीत. सगळं रांधून झालं की एका छोट्या ताटलीत चिमूट चिमूट काढतात, वर तुळशीचं पान ठेवतात आणि कोनाड्यातल्या देवाला नैवेद्य दाखवतात. त्याआधी काही जिभेला लागू द्यायचं नाही. नंतर गर्दी सुरू होते. स्वतःचं केलेलं त्या खातही नाहीत. बारा वाजता ज्वारीची भाकरी आणि ताक, बस्स. मग मीठ कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. “वाफ सांगते की,” म्हणाल्या. अशास्त्रीय म्हणून मी तो विषय सोडून दिला.

पहिल्याच सप्टेंबरात मला टायफॉइड झाला होता. एकोणीस दिवस काकूंनी दत्तोबांच्या हाती मऊ भात पाठवला. मी नीट आभार मानले होते का, ते आठवत नाही. म्हणून तर इथे जास्त काटेकोर राहायला हवं. तीनऐवजी पाच भेटी. माप तेच.

रविवार, ३० जानेवारी

भेट पहिली. सुशीला सहा मिनिटांत आली. मीठ बरोबर, शेंगदाणे कुरकुरीत, लिंबू ताजं.

पहिल्या बाकावर हिम्मतराव होते. रेल्वेत गार्ड होते, आता रोज साडेसातला इथली पहिली प्लेट त्यांची असते आणि मग ते साडेअकरापर्यंत पेपर घेऊन हलत नाहीत. मी घड्याळ बघताना त्यांनी पकडलं. “इंजीनियर बाई, आज घड्याळ लावून खायलेत?” मी मनगट बाहीत ओढलं.

निघताना काकूंनी खिडकीतून विचारलं, कसं झालंय गं? मी छान म्हटलं. आज ते खरंच होतं. दिवाळीत त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, डोक्याला मागे चार टाके पडले. आठव्या दिवशी पुन्हा शेगडीपुढे होत्या. आता पूर्ण बऱ्या आहेत, फक्त बारीक झाल्यात. पोलक्याच्या बाह्या सैल लोंबतात.

रविवार, ६ फेब्रुवारी

भेट दुसरी. सुशीलेत मीठ दुप्पट. ताटात टाकणं म्हणजे मत देणं, म्हणून संपवली.

आज प्रत्येक टेबलावर न मागता दह्याची वाटी आली. गेल्या रविवारी आली नव्हती. दही रोज असतं का, असं दत्तोबांना विचारलं, तर म्हणाले, “आज आहे.” हिम्मतराव पेपरात डोकं घालून म्हणाले, उन्हाचं दही चांगलं. ऊन अजून पडलेलं नाही. पुढच्या भेटीत यामागचा नियम शोधायचा.

काकूंनी विचारलं. छान म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या की आणखी एक डाव वाढला. तोही संपवला.

बुधवार, ९ फेब्रुवारी

भेट तिसरी. रविवारच्या गर्दीमुळे फरक पडतो का हे बघायला मुद्दाम मधल्या वारी, ऑफिसच्या आधी आठ वाजता गेले. गर्दी नव्हती. उप्पीट अळणी. दही नव्हतं, पण सगळ्यांच्या ताटात लोणच्याची मोठी फोड.

मी तिथली घरचीच असल्यासारखी आत हात धुवायला जाते. शेगडीवर दूध उतू जाऊन करपत होतं. काकू दोन हातांच्या अंतरावर पाठमोऱ्या कणीक मळत होत्या. मी पातेलं उतरवलं तेव्हा त्या दचकल्या. ओट्याजवळ गॅसचा वास भरला होता. पलीकडच्या शेगडीच्या छोट्या बर्नरचं बटण उघडं आणि ज्योत नाही. मी ते बंद केलं, खिडकी उघडली. काकू म्हणाल्या, “का गं, उकडायलंय का?” मी हो म्हटलं. निघताना त्यांनी कसं झालंय विचारलं, तेव्हा छान म्हटलं.

स्वयंपाकघर : निष्काळजी. तीन गुण.

रविवार, १३ फेब्रुवारी

भेट चौथी. मीठ ठीक. धपाटं खालून काळं. त्याचा वास गल्लीच्या तोंडापाशी मला आला होता. दत्तोबा काउंटर सोडून धावत आत गेले आणि त्यांनीच उलटवलं. आतून काकूंचा आवाज आला, “उलटणारच होते की मी. पुरुषांनी कशाला मधी यावं.”

छान म्हटलं.

रविवार, २० फेब्रुवारी

भेट पाचवी आणि शेवटची. मीठ जास्त. दही होतं.

काकू आज खिडकीतून न विचारता बाहेर आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या. कसं झालंय? मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी पदराने मान पुसली. म्हणाल्या, “तुझ्या तोंडून आलं की बरं वाटतं बघ. तू उगी बोलणारी पोरगी नाहीस.”

पाच भेटी झाल्या याचं मला बरं वाटायला हवं होतं. खोलीवर येऊन तीन तांबे पाणी प्यायले.

रविवार, २७ फेब्रुवारी

लिहिलं. चार वेळा फाडलं. एकदा सगळं गोड लिहून पाहिलं, पण मग इराण्याच्या चहाचा एक गुण मी कुठल्या तोंडाने कापला होता? माप तेच, असं मीच ठरवलं होतं. शेवटी इंग्रजीत जे गेलं त्याचा अर्थ असा : हात जुना आणि उत्तम; पण पाच भेटींत तीनदा मीठ चुकलं, दोनदा जास्त, एकदा अजिबात नाही. दही कधी मिळतं, कधी नाही. नियम सापडला नाही. इथे जाणं म्हणजे मिठाची लॉटरी आहे. मालकांनी चमच्याचं माप ठरवलं तर ही नल्लकुंट्यातली पहिल्या क्रमांकाची जागा होईल. दहापैकी पाच.

लॉटरीचं वाक्य मला आवडलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

गॅसच्या बटणाची ओळ मात्र काढून टाकली. कुठल्या तरी ऑफिसातून तपासणीला लोक आले तर काकूंना त्रास होईल. तेवढं मी त्यांच्यासाठी करू शकते.

गुरुवार, २ मार्च

मजकूर काल साइटवर आला. अभिजीतचा फोन. पहिल्याच दिवशी अकराशे चाळीस लोकांनी पाहिला, आतापर्यंतचा सर्वांत जास्त आकडा. आमच्याच ऑफिसात प्रिंटरच्या शेजारी कोणीतरी त्याचा कागद टाचणीने लावला आहे. त्यावर नाव नाही. मी पाणी आणायला म्हणून त्याच्यासमोरून दोनदा गेले.

रविवार, ५ मार्च

मी जायला नको होतं, की जाणं बरोबर होतं, हे ठरवता येत नाही.

अकरा वाजता मोटरसायकलींवरून सातजण आले. टी-शर्ट, गळ्यात कंपनीची कार्डं, रविवारीसुद्धा. मी कोपऱ्यातल्या बाकावर होते. दत्तोबा हरखले. इतक्या तरुणांची गर्दी इथे कधी होत नाही. बाहेरच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून हिम्मतरावांनी आपलं बाक रिकामं करून दिलं.

त्यांतल्या एकाच्या हातात तो कागद होता. ती मुलं वाईट नव्हती. मजेत होती, एवढंच. तो खिडकीपाशी गेला आणि हसत म्हणाला, “आंटी, आज का लॉटरी नंबर क्या है? नमक, या बगैर नमक?”

काकूंना कळलं नाही. त्यांनी दत्तोबांकडे बघितलं. दत्तोबा घाईघाईने म्हणाले, काही नाही, त्यांना तुझं आवडतं म्हणतायत. पण काकूंनी हात पुसले, बाहेर आल्या आणि त्या मुलालाच म्हणाल्या, क्या लिखा है, पढ़के सुनाओ बेटा. त्याचा चेहरा उतरला. त्याने कागद दुमडायला घेतला. काकूंनी पुन्हा सांगितलं. मग त्याने हळूहळू, इंग्रजीतून हिंदी करत वाचलं. पाच वेळा. तीनदा. जास्त. अजिबात नाही. वाचताना तो मध्येच ‘सॉरी आंटी’ म्हणत होता.

काकूंनी दत्तोबांना विचारलं, खरं आहे? दत्तोबा कपाळाला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी हिम्मतरावांकडे बघितलं. हिम्मतरावांनी पेपर उचलला आणि उलटा धरला. मग त्या माझ्याकडे वळल्या असतील. मला माहीत नाही, मी ताटात बघत होते.

त्या आत गेल्या. दोन्ही शेगड्या बंद केल्याचा आवाज आला. साडेअकराला अजून वीस मिनिटं होती.

बुधवार, ८ मार्च

बंद. दारावर खडूने लिहिलंय, ‘तब्येत बरी नाही.’

रविवार, १२ मार्च

उघडलंय. आत दिलसुखनगरच्या कुठल्या तरी मेसमधून आणलेला आचारी आहे. काकू बाहेर खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली, जायला वाट दिली. त्या कोणाशीच बोलत नाहीत, असं दत्तोबांनी सांगितलं.

हिम्मतरावांच्या शेजारी बसले. पेपर न उघडता त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीनंतर मीठ हलायला लागलं. पहिली प्लेट त्यांची, म्हणून पहिल्यांदा त्यांना कळलं. काकूंना कसं सांगायचं? बाई पडून उठलेली, त्यात हाताचा गर्व. मग त्यांनी आणि दत्तोबांनी ठरवलं : जास्त झालं असेल तर हिम्मतराव दही मागणार, कमी असेल तर लोणचं. त्यांनी दही मागितलं की दत्तोबा सगळ्या टेबलांवर दही फिरवणार. रोजची तीस-पस्तीस गिऱ्हाइकं होती. हळूहळू सगळ्यांना कळलं. चार महिने सगळे छान म्हणत खात होते.

“आमच्यातला कोणी नसेल तो लिहिणारा,” हिम्मतराव म्हणाले. “बाहेरचा कोणीतरी असेल. त्याला काय ठाऊक, इथं काय चाललंय ते.”

मी मान हलवली. जो नियम मला पाच भेटींत सापडला नाही, तो अख्ख्या बाकाला माहीत होता.

रविवार, १९ मार्च

अभिजीतला मजकूर काढायला लावला. ‘का’ असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, तसाही जुना झाला. पाच मिनिटांत काढला. आमच्या प्रिंटरजवळचा कागद मी स्वतः काढला. त्याच्या जागी टाचणी तशीच राहिली आहे. अशा किती ऑफिसांत किती कागद असतील, ते मोजता येणार नाही.

पुढची जागा सुचव म्हणाला. आता मला कुठल्याच हॉटेलात भूक लागत नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, हे वाक्य छान आहे, यावरच लिही.

मी खोटं लिहिलेलं नाही. रोज झोपण्याआधी ते आकडे तपासते. पाचपैकी तीन. बरोबर आहेत. तरीही.

बुधवार, ५ एप्रिल, गुढीपाडवा

टिफिन सेंटरला सुट्टी. वर, दत्तोबांच्या घरी गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. दत्तोबा देवळात गेले होते. काकू एकट्या होत्या, खिडकीशी बसून फुलं ओवत होत्या. गुढी उभारली होती, पण घरात फोडणीचा वास नव्हता. डबा बाहेरून आला होता.

मी उभ्यानेच सांगितलं. तो कागद मी लिहिला. पाठ केलेली पुढची सहा वाक्यं आठवली नाहीत.

त्यांनी सुईतला दोरा ओढून गाठ मारली. म्हणाल्या, ठाऊक आहे. पाच वेळा म्हणून वाचलं त्या पोरानं. आमच्याकडं मोजून खाणारं दुसरं कोण आहे?

मी माफी मागितली. खोटं लिहिलं नव्हतं, असंही म्हणाले. ते म्हणायला नको होतं.

“खोटं लिहिलंस, असं मी कुठं म्हणायले? खरंच लिहिलंस. पण मग मला का नाही सांगितलंस? मी पाच वेळा विचारलं. पाचही वेळा छान म्हणालीस. जगाला खरं आणि मला छान, होय गं?”

मी तपासणीची पद्धत सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

मग त्या बोलल्या, फुलांकडे बघत. ती गिऱ्हाइकं, तो हिम्मतराव, आमचे हे, सगळ्यांनी मला लहान लेकरागत फसवलं. त्यांचं मी समजू शकते, ती मायेची माणसं. पण तू कोरडी आहेस, म्हणून तुझ्यावर भिस्त होती. तू छान म्हणालीस की मला वाटायचं, हात अजून बसलेला आहे. नसता तर ही बोलली असती.

त्यांना दिवाळीपासून वास येत नाही. पडल्यापासून. कशाचाच नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, फुलांचा नाही. आधी वाटलं सर्दी आहे, मग वाटलं येईल हळूहळू. वाफेला वास नाही, तर मीठ अंदाजाने घालायचं. टाकलं की नाही, तेही आठवायचं. भाकरी खातात ती पोटात ढकलायची म्हणून. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण दत्तोबा त्याच दिवशी शेगडी बंद करतील.

मी हे ऐकत होते आणि मला माझीच पानं दिसत होती. दूध. धपाटं. उकडायलंय का. मी ते सगळं तारीखवार लिहिलं होतं आणि गुण दिले होते.

दत्तोबांना सांगायला हवं, डॉक्टरांना दाखवायला हवं, असं मी म्हटलं. काकूंनी ओवलेला हार ताटात ठेवला. “मला नाही जमणार. मी तोंड उघडलं की रडू येतं आणि ते मलाच गप्प करतात. तू सांग. तुला जमतं ना खरं सांगायला? तर हे तोंडावर सांग. कागदावर नाही.”

जाताना त्यांनी हातावर गूळ-कडुनिंब ठेवला. मी तिथेच उभी राहून खाल्ला. त्यांनी काही विचारलं नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

सकाळी पावणेसातला गेले. दत्तोबा काउंटरवर कांदे निवडत होते, आचारी आत कढई घासत होता. ते म्हणाले, या इंजीनियर बाई, आज लवकर. मी बसले नाही. दोन वाक्यांत सांगितलं : पडल्यापासून काकूंना वास येत नाही. त्यांनी ते तुमच्यापासून लपवलं, आणि मला सांगायला सांगितलं.

ते आधी हसण्यासारखं काहीतरी करून म्हणाले, वयच झालंय हो आमचं. मी म्हटलं, वय हळूहळू होतं, हे एका दिवशी झालंय. शनिवारी डॉक्टरांकडे मी बरोबर येते, असंही म्हटलं. नको म्हणाले नाहीत. बराच वेळ हातातला एकच कांदा फिरवत राहिले.

आणि तो कागद मी लिहिला, हे सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. ते दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते.

मग त्यांनी विचारलं, “म्हणजे गॅस सुटला, तरी तिला कळणार नाही?”

नाही, म्हटलं.

“तुम्हाला कधी कळलं हे?”

काल, असं उत्तर देता आलं असतं. ते खरंही होतं. पण मी म्हटलं, कळलं काल, दिसलं नऊ फेब्रुवारीला. छोटा बर्नर उघडा होता, ज्योत नव्हती. काकू शेजारीच होत्या. मी बंद केला.

“कोणाला सांगितलंत?”

“कोणालाच नाही.”

“तारीख बरी लक्षात आहे.”

“लिहून ठेवली होती.”

दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघतात तसं. मग हातातला कांदा टोपलीत ठेवून ते आत गेले. आचाऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि ओट्यापाशी वाकून दोन्ही शेगड्यांची बटणं एकेक करून फिरवून पाहिली. चारही बंद होती. ते तसेच वाकलेले राहिले आणि पुन्हा पहिल्या बटणापासून तपासायला लागले.